परदेशी आणि समांतर सिनेमा: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या प्रेक्षकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात मराठी, कचेरीत कन्नड, टीव्हीवर हिंदी आणि गोव्याला गेलं की थोडी कोंकणी, अशी आपल्या भागातल्या कानांची सवय आहे. न कळणाऱ्या भाषेतला सिनेमा बघायला ही तयारी पुरेशी आहे. अडचणी येतात त्या बहुतेक वेगळ्याच असतात: चुकीचा पहिला सिनेमा, डोक्यांआड गेलेली सबटायटल, टीव्हीचं बिघडलेलं सेटिंग. म्हणून खालच्या उत्तरांत रसग्रहणापेक्षा खटपटच जास्त सापडेल.

पहिला सिनेमा कुठला बघावा?

दीड तासाच्या आतला, संवाद कमी असलेला आणि गोष्ट एका ओळीत सांगता येईल असा. 'द रेड बलून' (१९५६) हा फ्रेंच लघुपट फक्त ३४ मिनिटांचा आहे आणि त्यात बोलणं जवळजवळ नाहीच. त्यानंतर अब्बास कियारोस्तामी यांचा इराणी सिनेमा 'व्हेअर इज द फ्रेंड्स हाउस' (१९८७, ८३ मिनिटं) घ्या. वर्गमित्राची वही चुकून आपल्या दप्तरात आली आणि उद्या वही नसेल तर मास्तर त्याला शाळेतून काढतील, एवढीच गोष्ट. पोरगा वही घेऊन शेजारच्या गावी पळत सुटतो. टेकडीवरची नागमोडी वाट आणि माथ्यावरचं एकटं झाड डोळ्यांसमोरून जात नाही. (ती वाट मुद्दाम सिनेमासाठी पाडून घेतली होती.) घरची मोठी माणसं मुलाचं ऐकूनच घेत नाहीत, हा भाग समजायला खानापूरच्या प्रेक्षकाला इराणचा इतिहास वाचावा लागत नाही.

तिसरा इटालियन 'बायसिकल थीव्ह्ज' (१९४८, ८९ मिनिटं): कामासाठी लागणारी सायकल चोरीला जाते आणि बाप-लेक ती शोधत शहरभर फिरतात. चौथा जपानी 'राशोमोन' (१९५०, ८८ मिनिटं): एक मृत्यू आणि त्याच्या चार वेगवेगळ्या जबान्या. बांधावरून चाललेला भाऊबंदकीचा दावा ज्यानं कोर्टात ऐकला आहे, त्याला हा सिनेमा जड जाणार नाही.

रशियन दिग्दर्शक तारकोव्स्कीपासून सुरुवात करू नका. 'स्टॉकर' (१९७९) पावणेतीन तासांच्या आसपास जातो. थोर सिनेमा आहे, पण पहिल्याच रविवारी तो लावला तर दुसऱ्या रविवारी घरातलं कुणी येत नाही.

सबटायटल वाचत बसलं की चित्र बघायचं राहून जातं. काय करावं?

पहिली पंधरा-वीस मिनिटं सगळ्यांचं असंच होतं. डोळा आधी प्रत्येक शब्द वाचायला जातो, मग हळूहळू ओळ एका नजरेत उचलायला शिकतो. बसच्या पाटीवरची कन्नड अक्षरं आपण सुटी सुटी वाचत नाही, आकार बघून 'खानापूर' ओळखतो, तसंच हे. तीन-चार सिनेमांत सवय होते.

ओळ वाचून झाली की नजर लगेच चेहऱ्यावर न्या, पुढच्या ओळीची वाट बघत खाली थांबू नका. नवशिक्याचं नेमकं इथंच चुकतं. मोबाइलवर सुरुवात करू नका. सहा इंची पडद्यावर अक्षर आणि चेहरा दोन्ही बारीक राहतात आणि डोळे दुखतात. एखादी ओळ सुटली तर सुटू द्या. दर दोन मिनिटांनी मागे नेऊन बघितलेला सिनेमा तुटक वाटतो आणि खापर दिग्दर्शकाच्या डोक्यावर फुटतं.

जाता जाता एक खुलासा. जुन्या इटालियन सिनेमांत ओठ आणि आवाज जुळत नाहीत अशी तक्रार बरेच जण करतात. फाइल खराब नसते. त्या काळी इटलीत आवाज बहुधा मागाहून, स्टुडिओत भरत.

घरच्या थोरल्यांना इंग्रजी वाचता येत नाही. मराठी सबटायटल मिळतात का?

फार क्वचित. घरापुरती आपणच करून घेणं हा खरा उपाय आणि तो वाटतो तितका अवघड नाही. इंग्रजी सबटायटलची एसआरटी फाइल म्हणजे साधा मजकूर असतो: अनुक्रमांक, सुरू व्हायची आणि संपायची वेळ, खाली एक किंवा दोन ओळी. 'सबटायटल एडिट' या फुकट सॉफ्टवेअरमध्ये ती उघडा. वेळा जशाच्या तशा ठेवा, फक्त मजकूर बदला. कमी बोलणाऱ्या सिनेमातही सहा-सातशे नोंदी असतात, बऱ्याच सिनेमांत हजारभर. तासाला ८०-९० नोंदी हा वेग धरला, तर रोज तासभर बसून ९०० नोंदींचा सिनेमा दहा-अकरा दिवसांत होतो.

टायपिंगला बसण्याआधी एक तक्ता करा: कोण कुणाला 'तू' म्हणणार आणि कोण कुणाला 'तुम्ही'. इंग्रजीतला 'यू' हे सांगत नाही. तक्ता नसला की नातू आज्जाला पहिल्या प्रसंगात 'तुम्ही' आणि तिसऱ्यात 'तू' म्हणतो. आईला 'तू', वडिलांना 'तुम्ही', मास्तरांना 'सर' की 'गुरुजी', बायको नवऱ्याला काय म्हणते, हे सगळं आधी ठरवा. मग वाक्यं छाटा. इंग्रजी ओळीचं शब्दशः मराठी केलं की ती लांबते आणि वाचून व्हायच्या आत निघून जाते. दोन ओळींपेक्षा जास्त नको, आणि वयस्कर वाचणार असतील तर प्रत्येक ओळ तुम्ही स्वतः सावकाश मोठ्यानं वाचून बघा. तेवढ्या वेळात संपली नाही तर अजून छाटा. 'मला असं वाटतं की तू आता घरी गेलेलं बरं'च्या जागी 'घरी जा आता' चालतं. चेहरा बाकीचं सांगतो.

फाइल साठवताना 'यूटीएफ-८' निवडा, नाहीतर पडद्यावर प्रश्नचिन्हं आणि चौकोन दिसतील. व्हीएलसी या सिनेमा चालवायच्या फुकट प्लेअरच्या सबटायटल सेटिंगमध्ये फॉन्ट 'निर्मला यूआय' किंवा 'मंगल' ठेवा. डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेणार असाल तर युनिकोडमध्येच हवं असं आधी बजावा. श्रीलिपीच्या जुन्या पद्धतीनं केलेला मजकूर त्यांच्या संगणकावर झकास दिसतो आणि तुमच्या प्लेअरमध्ये त्याची नुसती खिचडी होते. कृष्णधवल सिनेमात पांढरी अक्षरं पांढऱ्या सदऱ्यावर हरवतात, म्हणून रंग पिवळा आणि कडा जाड ठेवा.

सबटायटल आवाजाच्या मागेपुढे धावतात. कसं दुरुस्त करायचं?

आधी आजार ओळखा. सुरुवातीला आणि शेवटी फरक सारखाच असेल, समजा तीन सेकंद, तर व्हीएलसीमध्ये जी आणि एच या कळा वापरा. जी दाबली की ओळ लवकर येते, एच दाबली की उशिरा. सुरुवात बरोबर आणि पुढे फरक वाढतच गेला, तर फ्रेमचा वेग, म्हणजे सेकंदाला किती चित्रं सरकतात तो, जुळत नाही. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा असतो, युरोपातल्या टीव्हीसाठी तोच २५ नं पळवतात. एका प्रतीची सबटायटल दुसऱ्या प्रतीला लावली की दहा मिनिटांमागे २४ सेकंदांची तूट पडते आणि दीड तासाच्या सिनेमात शेवटी ती साडेतीन मिनिटांवर जाते. अशा वेळी कळा दाबत बसण्यात अर्थ नाही. सबटायटल एडिटमध्ये 'फ्रेम रेट बदला' हा पर्याय वापरून २५चं २४ किंवा २४चं २५ करा.

हे सिनेमे इतके संथ का असतात?

सगळे नसतात. पण जे असतात त्यांचं कारण बहुधा असं, की तुम्हाला कुठं बघायचं हे दिग्दर्शक सांगत नाही. आपल्या नेहमीच्या सिनेमात महत्त्वाची वस्तू आली की कॅमेरा तिच्यावर झेपावतो, वर संगीत वाजतं. इथं पूर्ण खोली समोर ठेवलेली असते आणि निवड तुमची.

जपानी दिग्दर्शक यासुजिरो ओझू यांचा 'टोकियो स्टोरी' (१९५३) घ्या. गावाकडचे म्हातारा-म्हातारी शहरातल्या मुलांकडे राहायला येतात आणि मुलांना त्यांच्यासाठी वेळ नसतो. कॅमेरा जवळजवळ हलत नाही. तो जमिनीपासून हात-दीड हात वर ठेवलेला आहे, म्हणजे चटईवर बसलेल्या माणसाच्या नजरेच्याही थोडा खाली. आपल्याकडच्या जुन्या घरात सोप्यावर मांडी घालून बसलं की माजघरात येणारी-जाणारी माणसं जशी दिसतात, तसं ते घर दिसतं. माणूस निघून गेल्यावरही रिकामी खोली क्षणभर पडद्यावर राहते. ती का राहिली हे स्वतःला विचारा. उत्तर आलं नाही तरी बिघडत नाही, पण प्रश्न पडला की संथपणा टोचत नाही.

किंवा 'बायसिकल थीव्ह्ज'मधला खाणावळीचा प्रसंग. बापानं रागाच्या भरात पोराला थोबाडीत मारलेली आहे, आता त्याला मनवायला तो न परवडणाऱ्या हॉटेलात घेऊन आलाय. शेजारच्या टेबलावर श्रीमंताघरचं पोर चीजची तार लांब ताणत खातंय. आपला पोरगा स्वतःची तार ताणतो आणि मान वळवून त्याच्याकडे बघतो. बाप नोकरी टिकली असती तर महिन्याला किती आले असते याचा हिशेब काढतो. गरिबीवर एकही भाषण नाही. हा प्रसंग पुढे ढकलून बघितला तर सिनेमात काहीच घडत नाही असं वाटणारच.

तरीही अर्ध्या तासात मन लागलं नाही तर खुशाल बंद करा. गाजलेला सिनेमा आवडलाच पाहिजे असं कुठं लिहून ठेवलेलं नाही.

परदेशी सिनेमाच्या गप्पांत कन्नड सिनेमा कशाला?

कारण जागतिक दर्जाचा समांतर सिनेमा आपल्या दाराशी आहे आणि आपण त्याला ओलांडून फ्रान्सला निघालोय. 'संस्कार' (१९७०) हा यू. आर. अनंतमूर्ती यांच्या कादंबरीवरचा कन्नड सिनेमा. त्यातली प्रमुख भूमिका गिरीश कर्नाड यांची, जे वाढले शिरसी आणि धारवाडला. गिरीश कासारवळ्ळी पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे विद्यार्थी, त्यांचा 'घटश्राद्ध' (१९७७) बघाच. त्यांचाच 'द्वीप' धरणाच्या पाण्यात बुडणाऱ्या गावाबद्दल आहे. हिडकल धरणाकडची माणसं तो बघताना वेगळीच गप्प होतील.

कामापुरती कन्नड येत असेल तरी सबटायटल लावा. मलेनाडूची बोली आणि बेळगावच्या बाजारातली कन्नड यांत बरंच अंतर आहे. भाषेचं राजकारण आपल्या जागी असू दे, या सिनेमांवर त्याचा राग काढण्यात तोटा आपलाच आहे.

मराठीत 'विहीर', 'फँड्री' आणि 'कोर्ट' या क्रमानं जा. 'कोर्ट'ला २०१४ साली व्हेनिस महोत्सवात 'ओरिझोंती' विभागाचं पहिलं पारितोषिक मिळालं. आणि 'संत तुकाराम' (१९३६) फक्त आषाढीला लावायचा सिनेमा नाही. १९३७ साली व्हेनिसलाच त्याचा गौरव झाला होता.

कायदेशीर मार्गानं कुठं मिळतात? डेटा किती लागतो?

पैसे भरून बघायचं तर 'मुबी' याच प्रकारच्या सिनेमासाठी आहे. फुकट आणि अधिकृत हवं तर यूट्यूबवर रशियाच्या मोसफिल्म स्टुडिओचा चॅनल बघा. तारकोव्स्कीचे सिनेमे तिथं सबटायटलसह आहेत. कोरियन फिल्म आर्काइव्हचा 'कोरियन क्लासिक फिल्म' हा चॅनलही तसाच. 'क्रायटेरियन चॅनल' फक्त अमेरिका आणि कॅनडात चालतो, भारतातून खातं उघडायच्या भानगडीत पडू नका.

एचडी चित्राला तासाला सुमारे ३ जीबी जातात, साध्या चित्राला १ जीबीच्या आसपास. दिवसाला दीड जीबीच्या पॅकवर एचडी सिनेमा अर्ध्या तासात अडकतो. वायफाय असलेल्या ठिकाणी ॲपमध्येच डाउनलोड करून ठेवा आणि घरी निवांत बघा.

अमेरिकेतल्या भाच्यानं आणलेली ब्लू-रे इथं चालत नाही.

रीजनचा घोळ. अमेरिकेची ब्लू-रे ए विभागाची, भारत सी विभागात येतो. डीव्हीडीत अमेरिका १, भारत ५. कुठल्याही विभागाची डिस्क चालवणारा प्लेअर घ्यावा लागेल. डिस्क पुसून काही होणार नाही.

टीव्हीवर माणसांची डोकी कापलेली दिसतात, आणि सिनेमा मालिकेसारखा गुळगुळीत वाटतो.

दोन वेगळे दोष आहेत. जुने सिनेमे १.३७:१ या जवळपास चौकोनी आकाराचे, टीव्ही १६:९. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येणारच. त्या घालवायला कुणीतरी 'झूम' दाबतं आणि वरून डोकी, खालून सबटायटल जातात. 'ओरिजिनल' किंवा 'जस्ट स्कॅन' निवडा.

गुळगुळीतपणा येतो तो दोन फ्रेमच्या मध्ये टीव्ही स्वतःच नसलेल्या फ्रेम तयार करून घालतो म्हणून. सोनीत 'मोशनफ्लो', एलजीत 'ट्रूमोशन', सॅमसंगमध्ये 'ऑटो मोशन प्लस' बंद करा. 'फिल्ममेकर मोड' असेल तर तेवढा एकच पुरे.

गल्लीत किंवा वाचनालयाच्या हॉलमध्ये दाखवायचं असेल तर मांडणी कशी करावी?

४० माणसांसाठी पडदा ८ फूट रुंद, साडेचार फूट उंच. नेहमीच्या प्रोजेक्टरला पडद्याच्या रुंदीच्या दीडपट अंतर लागतं, म्हणजे १२ फूट. काही यंत्रांना चौदापर्यंत. अंधारलेल्या हॉलमध्ये ३,००० ल्युमेन (प्रोजेक्टरच्या उजेडाचं माप) पुरतात. दिवसा पडदे लावूनही उजेड येत असेल तर ६,००० नीही भागत नाही, म्हणून खेळ संध्याकाळी सातनंतर ठेवा.

चादर बांधू नका, उजेड आरपार जातो आणि सुरकुत्यांवर चेहरे वाकडे होतात. जाड पांढरं अस्तराचं कापड चौकटीवर ताणून बसवा. फ्लेक्सची पाठ स्वस्त पडते, पण चकचकीत असली तर दिव्याचा डाग मधोमध दिसतो, मंद पृष्ठभागाचीच घ्या.

आता सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट: पडद्याची खालची कड. हिंदी सिनेमात खालचा वीतभर भाग झाकला गेला तर कुणाला कळतही नाही. इथं सगळा संवाद त्याच वीतभर पट्टीत असतो. खुर्च्यांवर बसलेल्यांची डोकी जमिनीपासून चार फुटांच्या वर जातात, म्हणून खालची कड साडेचार फुटांवर हवी. हॉलचं छत तेवढं उंच नसेल तर सतरंजी घाला, मग तीन-सव्वातीन फूट चालते. पुढच्या तीन रांगा सतरंजीवर आणि थोरली माणसं मागे खुर्च्यांवर, हे कीर्तनाच्या बैठकीसारखं गणित उत्तम बसतं. खुर्च्या एकीच्या मागे एक न लावता अर्धी सरकवून लावा. खेळाआधी शेवटच्या रांगेत स्वतः बसून एक सबटायटल वाचून बघा.

आवाज प्रोजेक्टरच्या पोटातल्या स्पीकरवर सोडू नका. दोन बाजूंना दोन स्पीकर, कानाच्या उंचीच्या थोडे वर. संगीत मोठं आणि बोलणं पुटपुटल्यासारखं येत असेल तर फाइलमध्ये ५.१, म्हणजे सहा वाहिन्यांचा आवाज आहे आणि मधल्या वाहिनीतलं बोलणं नीट मिसळत नाहीये. ऑडिओ ट्रॅकमधून स्टिरिओ निवडा. भाषा कळत नसली तरी आवाजाचा पोत कळतो, त्यामुळे 'कुणाला समजतंय' म्हणून आवाज बारीक करू नये.

मध्येच वीज गेली तर?

प्रोजेक्टर ३०० वॉट, लॅपटॉप ६५, स्पीकर १००. सगळं मिळून ५०० वॉटच्या आत. संगणकाचा ६०० व्हीएचा छोटा यूपीएस हा भार मुळात पेलत नाही. १२ व्होल्ट, १५० एएच बॅटरीचा घरगुती इन्व्हर्टर मात्र बॅटरी चांगली असेल तर दोनेक तास ओढतो. पंखे आणि दिवे त्याच्यावर घालू नका. प्रोजेक्टरचा दिवा तापलेला असताना त्याच्या आतला पंखा एकदम बंद पडला की दिव्याचं आयुष्य घटतं, हे वीज जाण्याचं खरं नुकसान. वीज परत आली तरी लगेच चालू करू नका, दहा मिनिटं गार होऊ द्या.

परवानगी लागते का?

लागते. ओटीटीचं वैयक्तिक खातं घरापुरतं असतं, त्यावरून जाहीर खेळ लावता येत नाही. तिकीट नसलं तरी तो जाहीर खेळच. शाळा-कॉलेजला सवलत आहे: संस्थेच्या कामाचा भाग म्हणून फक्त तिथले विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेशी संबंधित माणसं यांना दाखवलं तर कॉपीराइट कायदा आड येत नाही. भारतात सिनेमाचा हक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. पण पटकथा, संगीत, नवी दुरुस्त केलेली प्रत आणि सबटायटल यांचे हक्क वेगळे असू शकतात, तेव्हा जुना आहे म्हणून गृहीत धरू नका.

जाहीर खेळाला सेन्सॉरचाही प्रश्न येतो, कारण बऱ्याच परदेशी सिनेमांना भारतीय प्रमाणपत्र नसतं. कायम चालवायचं असेल तर रीतसर फिल्म सोसायटी नोंदवून फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज ऑफ इंडियाशी जोडून घेणं हा रुळलेला रस्ता. ही फेडरेशन १९५९ सालची, पहिले अध्यक्ष सत्यजित राय. जर्मन सिनेमासाठी पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनला आणि फ्रेंचसाठी आलियाँस फ्रान्सेजला पत्र लिहून बघावं. तारीख, हॉल, प्रेक्षकसंख्या आणि खेळ विनामूल्य आहे हे पत्रातच लिहा.

घरच्यांसोबत बघताना भलतंच दृश्य आलं तर?

आधी स्वतः बघा, नाहीतर आयएमडीबी या सिनेमांच्या माहितीच्या वेबसाइटवरचं 'पॅरेंट्स गाइड' वाचा. महोत्सवातल्या सिनेमांना कात्री लागलेली नसते. बक्षिसांची यादी बघून पोराबाळांसमोर लावू नका.

बेळगावहून इफ्फीला जायचं तर कसं?

इफ्फी म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव. २००४ पासून तो गोव्यात भरतो, सहसा नोव्हेंबरच्या उत्तरार्धात. प्रतिनिधी नोंदणी ऑनलाइन आणि आधीच करावी लागते, दारावर जाऊन तिकीट मिळेल या भरवशावर निघू नका. नोंदणी झाली तरी प्रत्येक खेळाची जागा वेगळी राखावी लागते आणि नावाजलेले खेळ बघता बघता भरतात. जागा मिळाली नाही तर रिकाम्या खुर्च्यांसाठीच्या रांगेत तासभर आधी उभं राहा, बऱ्याचदा आत सोडतात.

जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाटानं पणजी तीन-साडेतीन तास. पहाटे निघून रात्री परतायचं म्हटलं तर दिवसाला दोनच सिनेमे नीट होतात, कारण रात्रीचा खेळ सुटतो तेव्हा बस नसते. दोन मुक्काम धरा आणि रोज तीनच सिनेमे बघा. चौथ्याला झोप लागते आणि तिसऱ्याची गोष्ट पाचव्यात मिसळते. खेळांच्या मध्ये किमान ४५ मिनिटं सोडा, चित्रगृहं एकाच जागी नसतात. थिएटरात एसी कडक असतो, नोव्हेंबरात गोव्याला स्वेटर कशाला म्हणून हसू नका.

पणजी जमत नसेल तर कोल्हापूरचा किफ्फ महोत्सव आणखी सोयीचा. पुण्याचा पिफ सहसा जानेवारीत असतो, त्याला रात्रीच्या रेल्वेनं जाता येतं.